उडी मी तोंडाने सांगते

१३ जुलै, रविवार

काल दुपारी डब्लिनला उतरले. दोन विमानं मिळून सोळा तासांचा प्रवास मी एक कप चहा आणि चार घोट पाण्यावर काढला. शेजारचा तरुण मुलगा पाच वेळा उठला, मी एकदाच, तेही विमान बदलताना. आजकाल कुणाला स्वतःवर ताबाच नाही.

मुलगा निमिष घ्यायला आला होता. ॲडम्सटाउनचं घर तसंच आहे, पसारा मात्र दुप्पट झाला आहे. जानेवारीत मी इथे येऊन रेवतीचं बाळंतपण करून गेले, तेव्हा शर्वाणी हाताच्या पंजाएवढी वाटायची. आता सहा महिन्यांची गुटगुटीत झाली आहे. तिची आईही. मी दारातच म्हटलं, “रेवती, वजन काही उतरलं नाही गं तुझं.”

“आई, आधी आत तर या,” रेवती म्हणाली.

मी डिंकाच्या लाडवांचा डबा तिच्या हातात ठेवला. साजूक तुपातले अडीच किलो आहेत. अंगावर पाजते आहे, खायला नको का?

या खेपेला मला दोन कामं आहेत. रेवती सप्टेंबरमध्ये नोकरीवर परत जाणार, तोवर शर्वाणीला माझी सवय लावायची. आणि इथल्या मराठी मंडळाच्या बायकांना लेझीम शिकवायचं. मंडळाची चिटणीस नंदिनी हिने मे महिन्यात फोन केला होता, “काकू, तुम्ही तेहेतीस वर्षं पीटीच्या बाई होतात असं रेवती म्हणाली. तीस ऑगस्टला आपली गणपतीची मिरवणूक आहे. आमचं पथक तुम्हीच बसवा आणि पथकाच्या पुढेही तुम्हीच राहा.” मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. शाळेतल्या माझ्या शेवटच्या प्रजासत्ताकदिनी, साडेतीनशे मुलींच्या पुढे लेझमीची उडी मारली आणि व्हायचं ते झालं. पांढरी साडी होती. मी पाय मुरगळल्याचं सांगून मैदान सोडलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत खुर्चीत बसून शिट्टीवर शिकवलं. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मी लेझीम हातात घेतलेली नाही.

माझी पाकिटं वरच्या मजल्यावरच्या हॉट प्रेसमध्ये टॉवेलांच्या मागे ठेवली आहेत. पाण्याची टाकी असलेल्या कपाटाला इथे असं म्हणतात. तिथे माझ्याशिवाय कुणी टॉवेल लावत नाही. सहा पाकिटं, प्रत्येकी दहा पॅड. साठ दिवस निघावेत.

१९ जुलै, शनिवार

पहिली तालीम. एका शाळेचा हॉल मिळाला आहे. अठरा बायका, सगळ्या तिशी-चाळिशीतल्या. कुणी डॉक्टर, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. पगार असतील मोठे, शिस्त नावाला नाही. साडेदहाची वेळ दिली तर अकराला सुरुवात. सुरुवात होते तोच चौघी म्हणाल्या, “काकू, आलोच हं,” आणि बाथरूमच्या दिशेने गेल्या. त्या परत येतात तर दुसऱ्या पाच निघाल्या. हॉलचा रखवालदार एकच बाथरूम उघडं ठेवतो, तेही लहान मुलांचं, गुडघ्याएवढ्या उंचीचं. म्हणून रांग.

“युअर मॅनला सांगून दुसरं उघडून घेते,” नंदिनी म्हणाली. इथे वाटेल त्या पुरुषाला युअर मॅन म्हणतात. मी म्हटलं, “काही गरज नाही. एका तासाची तालीम आहे, धरून ठेवायला शिका. माझ्या शाळेत मुलींना तासाला बाहेर सोडत नव्हते मी.”

“काकू, तुमच्या शाळेतल्या मुलींना बाळंतपणं झाली नव्हती ना पण,” मागून कुणीतरी बोललं. सगळ्या हसल्या. मी शिट्टी मारली.

उभं राहायचं कसं तेही माहीत नाही. मी सांगितलं, पोट आत, छाती पुढे, श्वास रोखा, आणि मग ठेका. याच एका सूचनेवर मी चार हजार मुली उभ्या केल्या आहेत. जागेवरचा ठेका, बैठक, डावी-उजवी वळणं, हे सगळं करून दाखवलं. शेवटी उडी आहे. नंदिनी म्हणाली, “ती दाखवा ना.”

मी म्हटलं, “उडी मी तोंडाने सांगते. बघून मारलेली उडी म्हणजे नक्कल असते.”

हे वाक्य मला पूर्वी सुचायला हवं होतं.

२२ जुलै, मंगळवार

दिवसाला एकच वापरते, त्यामुळे बेरीज चुकायचा प्रश्न नाही. आज पाकिटात नसावा इतका खड्डा आहे. दोन कमी. पुन्हा मोजले. दोन कमी.

२६ जुलै, शनिवार

आज मान खाली घालायची वेळ आली, आणि तीही घरच्याच माणसामुळे.

रेवतीला मी दुसऱ्या रांगेत मध्यावर ठेवलं आहे. ठेका चांगला धरते, हे कबूल करायला हवं. पण उडीचा सराव सुरू झाला, तिसऱ्या उडीला तिने लेझीम खाली ठेवली आणि सरळ बाहेर निघून गेली. वीस मिनिटं आली नाही. आली ती कोट घालून. हॉलमध्ये घामाने जीव चाललाय आणि ही गुडघ्यापर्यंतचा कोट घालून कोपऱ्यात उभी.

“काय झालं?”

“ऑफिसचा फोन होता, आई.”

शनिवारी? बाळंतपणाच्या रजेवर? मी लहान मुलांना तेहेतीस वर्षं ओळखलं आहे, खोटं बोलणाऱ्याचे लाल झालेले कान मला लगेच दिसतात. गाडीत मी स्पष्ट सांगितलं, “उडी जमत नाही याचं कारण फोन नाही, वजन आहे. मी तुझं पोट चाळीस दिवस बांधलं, वळणावर आणून दिलं होतं. मी गेले आणि तू सगळं सोडून दिलंस.”

ती गाडी चालवत होती. तिने गिअर बदलला. मग म्हणाली, “लाडू कुणी आणले, आई?”

“लाडू ताकदीसाठी असतात.”

“हो. मग ताकद वाढली.”

हे उलट बोलणं. घरी येऊन ती थेट बाथरूममध्ये गेली आणि वॉशिंग मशीन लावलं. शनिवारच्या दुपारी एकट्या एका पँटसाठी मशीन! विजेचा विचार नाही.

३० जुलै, बुधवार

पॅड सहा कमी आहेत.

आता माझ्या लक्षात आलं आहे. रेवतीला पाकिटं सापडली. ती बोलत नाही, पण तिला माहीत आहे. कदाचित निमिषला दाखवली असतील. काल तो जेवताना माझ्या ताटात तूप वाढता वाढता थांबला आणि म्हणाला, “आई, तुझी तब्येत बरी आहे ना? पाणी अजिबात पीत नाहीस तू.” हे त्याच्या डोक्यातलं नाही, बायकोने भरवलेलं आहे.

पण सहा पॅड घेऊन तिने केलं काय? पुरावा म्हणून ठेवलेत? टाकून दिले? असल्या चेष्टेची मला चीड आहे. माझ्या सासूबाई अशा गोष्टी करायच्या, पण त्या निदान तोंडावर बोलायच्या.

पाकिटं माझ्या सुटकेसमध्ये हलवली.

३१ जुलै, गुरुवार

सुटकेस उघडली तर सगळं जसंच्या तसं. दुपारी टॉवेल लावायला हॉट प्रेस उघडलं. टॉवेलांच्या मागे नवीन पाकीट. इथल्या दुकानातलं, दुसऱ्या कंपनीचं, न फोडलेलं. वर चिठ्ठी नाही, काही नाही.

म्हणजे मला टोमणा. “आई, तुम्हाला लागतात ना, घ्या.” मी ते पाकीट तिथेच राहू दिलं.

२ ऑगस्ट, शनिवार

रेवती तालमीला आली नाही. शर्वाणीला ताप आहे म्हणाली. मी कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता.

ढोलवाले पुरुष आज पहिल्यांदा आले. त्यात मुरलीधर काळे म्हणून एक गृहस्थ आहेत, मुलाकडे आलेले, सत्तरीचे, नागपूरचे. ते खुर्ची टाकून बसले आणि मला म्हणाले, “बाई, उडी जोरात पाहिजे हं. उडीशिवाय लेझीम म्हणजे नुसती कवायत. तुम्ही पुढे राहून दणकून मारा एक, मग बघा पोरी कशा पेटतात ते.”

“तुम्ही ढोलाकडे लक्ष द्या,” मी म्हटलं.

अठरातल्या तेराच आल्या होत्या. मी उडीचा सराव घ्यायला लागले की तीनचार जणी अचूक पाणी प्यायला जातात. शर्थ आहे कामचुकारपणाची.

घरी कुणी नसताना बाथरूमचं दार लावून एकदा उडी मारून पाहिली. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पोट आत, श्वास रोखून, अगदी पद्धतशीर. तरी थांबलं नाही. खाली आले त्याच क्षणी गेलं.

माझं वजन अठ्ठ्याहत्तर आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी “वजन कमी करा, बरंच कमी होईल” एवढंच म्हटलं होतं. काय कमी होईल ते विचारायला मी थांबले नाही. मी पीटीची बाई. मला वजनावर भाषण ऐकवतात?

मिरवणुकीला अठ्ठावीस दिवस. नाही म्हणायचं असेल तर आताच म्हटलं पाहिजे. पाय मुरगळला हे एकदा वापरून झालं आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

रेवतीला सोमवारी फिजिओथेरपीची अपॉइंटमेंट आहे. चार महिन्यांपूर्वी नाव दिलं होतं, आता नंबर लागला. इथे माणूस मोडला तर नंबर लागेपर्यंत आपोआप जुळतो. कशासाठी विचारलं तर म्हणाली, “पाठ.” निमिषला ऑफिसातून निघता येणार नाही, म्हणून शर्वाणीला धरायला मी जायचं. बाहेर बसायचं, असं तिने दोनदा सांगितलं. दोनदा कशाला सांगावं लागतं मला?

११ ऑगस्ट, सोमवार

घडलं तसं लिहिते.

बाहेरच बसले होते. पण शर्वाणीने भूक लागली म्हणून आकाशपाताळ एक केलं, आणि आतली फिजिओ दार उघडून म्हणाली, सगळ्याच या आत, ग्रँड, म्हणजे काही हरकत नाही. तिचं नाव ओर्ला. पंचेचाळिशीची, आखूड केसांची, हात शेतकरणीसारखे. रेवती मला मराठीत म्हणाली, “आई, तुम्ही बाहेर थांबा ना, प्लीज.” मी म्हटलं, “पाठीचं दुखणं ऐकायला मला काय होतंय?” आणि खिडकीशी बसले. रेवतीने मुलीला पाजायला घेतलं. ओर्लाने कागद पुढे ओढला.

तिचा पहिला प्रश्न पाठीचा नव्हता. शिंकताना, खोकताना, उडी मारताना लघवी होते का?

रेवतीने मान खाली घातली. “हो.”

कधीपासून?

“बाळ झाल्यापासून. आधी थोडी. आता उडी मारली की कपडे बदलावे लागतात.”

माझ्या डोळ्यांपुढे कोट आला. गुडघ्यापर्यंतचा. आणि वॉशिंग मशीन.

दिवसाला किती पॅड लागतात? “रोज नाही लागत. तालमीच्या दिवशी दोन,” रेवती म्हणाली. कुठले वापरता, मोठे की लहान? रेवतीने शर्वाणीचं दुपटं सारखं केलं. ओर्लाने पुन्हा विचारलं. रेवती म्हणाली, “मी विकत घेतले नव्हते. दुकानात घ्यायची लाज वाटत होती. म्हणजे, घरातलेच घेत होते.”

“घरात कोण वापरतं?”

शर्वाणीच्या दूध ओढण्याचा आवाज तेवढा येत होता. मी म्हटलं, “मी.”

ओर्लाने माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली, जणू मी चष्म्याचा नंबर सांगितला होता. रेवतीने बघितलं नाही.

मग तिने विचारलं, बाळंतपणानंतर पोट बांधलं होतं का, माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच भारतीय बायका बांधतात. “थोडे दिवस,” रेवती म्हणाली. “हलकंच.”

मला चुकीचं उत्तर सहन होत नाही. “चाळीस दिवस. मी बांधलं. माझ्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून, गुडघा टेकवून ओढून बांधलं. तिला श्वास घेता येत नव्हता.” आणि मला आठवलं की ती तसं म्हणालीही होती, आई, श्वास घेता येत नाहीये. त्यावर मी म्हटलं होतं, म्हणजे पट्टा नीट बसला.

ओर्ला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, सगळा दोष पट्ट्याचा नाही. मूल चार किलोचं होतं, कळा लांबल्या होत्या, वजन आहे, बद्धकोष्ठ आहे. पण गरम पाण्याची रबरी पिशवी मध्यावर आवळली की पाणी जातं कुठे? तळाशी. तळाला एक पाळणा आहे स्नायूंचा, त्यावर सगळं टेकलेलं असतं. आधीच ताणलेल्या पाळण्यावर वरून दाब दिला तर तो सावरत नाही. जास्तीचं वजन तेच काम चोवीस तास करतं. ते पाच टक्के उतरलं तरी पुष्कळ बायकांना फरक पडतो. पाच टक्के म्हणजे रेवतीचे चार किलो. मी मनात माझे काढले. माझेही जवळपास चार.

पडद्याआड रेवतीला तपासलं. मी भिंतीकडे तोंड करून शर्वाणीला ढेकर काढत होते. बाहेर आल्यावर ओर्लाने तिला शिकवलं: वायू अडवतो तसं आतून वर उचलायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, आणि श्वास चालू ठेवायचा. दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्हीही करून बघा.

मी केलं. मी चांगलं करते.

“तुम्ही सावधान झालात,” ती म्हणाली. “पोट आत गेलं, खांदे वर गेले, श्वास अडकला. जे वर उचलायचं तेच तुम्ही खाली ढकललंत. हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

चार हजारांचा आकडा तिला सांगण्यासारखा नव्हता.

“आणि पाणी प्या,” ती म्हणाली. “न पिणाऱ्या मला चेहऱ्यावरून कळतात. त्याने फायदा नाही, मूत्राशय उलट चिडतं. आणि वय झालं म्हणून असं होणारच, हे डोक्यातून काढा. पुष्कळ जणींना होतं हे खरं. म्हणून तसंच चालू ठेवायचं असं कुठे आहे?”

गाडीतून परत निघालो. ॲडम्सटाउनच्या स्टेशनाजवळ सिग्नलला रेवती म्हणाली, “मला वाटलं होतं तुम्ही मोजत नसाल.”

“मी सगळंच मोजते.”

“ते नवीन पाकीट मी परतफेड म्हणून ठेवलं होतं. हिंमत करून आणलं. तुम्ही त्याला हातच लावला नाहीत. मला वाटलं चिडलात.”

“चिडलेच होते,” मी म्हटलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दिवसभर वैताग. कुणावर ते कळत नाही. डब्यातले लाडू मोजले नाहीत, तसेच निमिषच्या ऑफिसला पाठवून दिले.

शाळेत तासाला मुली बाथरूमसाठी हात वर करायच्या. मी म्हणायचे, घंटा झाल्यावर. कांबळेंची मुलगी एकदा मैदानातच रडायला लागली होती. मी तिला रांगेबाहेर उभं केलं. आज तिचं नाव आठवत बसले. आडनावच आठवतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दोन पेले पाणी पिऊन निघाले. रेवती म्हणाली, “मी नुसती बसायला येते,” आणि बाबागाडी घेऊन आली.

हॉलमध्ये गेल्यावर आधी पुरुषांना बाहेर काढलं. मुरलीधर काळे म्हणाले, “आम्ही काय डोळे मिटून बसू का?” मी म्हटलं, “बाहेर पाऊस थांबलाय. ढोल तिकडे वाजवा.” गेले बडबडत.

मग शिट्टी मारली. सतरा जणी ओळीत आल्या. गेले चार दिवस मी वाक्य जुळवत होते, सौम्य, आडवळणाचं. पण मला आडवळणाचं बोलता येत नाही. पथक कसं विभागायचं ते मात्र येतं. तेव्हा म्हटलं:

“उडी मारताना ज्यांना लघवी होते त्यांनी डावीकडे. बाकीच्यांनी उजवीकडे. हालचाल सुरू कर!”

कुणी हललं नाही. एवढी शांतता मला आजवर एकाही तालमीत मिळाली नव्हती. एकीने लेझीम घट्ट धरली, तिच्या चकत्या वाजल्या, आणि ती आणखी घाबरली. नंदिनी माझ्याकडे बघत होती. रेवतीने डोळे मिटून घेतले होते. मला कळलं की मी काय करून बसले आहे. सतरा शिकलेल्या बायकांना मी त्या मुलीसारखं रांगेबाहेर बोलावत होते.

आणि मी उभी होते मध्यावर. शिट्टी घेऊन. कुठल्याच बाजूला नाही.

मी शिट्टी गळ्यातून काढली, खिडकीत ठेवली. डावीकडे चालत गेले. भिंतीशी उभी राहिले, हात लांब करून अंतर घेतलं.

पहिल्यांदा बाबागाडीची चाकं वाजली. रेवती शर्वाणीसकट माझ्या शेजारी आली आणि तिनेही हात लांब केला. मग नंदिनी म्हणाली, “अहो काकू, हे आधी सांगायचं ना! मी गेली तीन वर्षं काळ्या पँटशिवाय काही घेतलेलं नाही,” आणि आली. मग डॉक्टरीणबाई आली, ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात काम करते ती. “मी पेशंटना सांगते व्यायाम करा म्हणून. स्वतः आजवर एकदा केला नाही.” मग दोघी एकदम. मग कोण कुठून आल्या ते बघायचं राहून गेलं. डावीकडे, मला धरून, बारा जणी झाल्या. उजवीकडच्या सातांपैकी एक म्हणाली, “काकू, फक्त सर्दी झाल्यावर होत असेल तर कुठे उभं राहायचं?”

“मध्ये उभी राहा आणि सर्दी सांभाळ,” मी म्हटलं. हसणं इतकं झालं की तीनजणी बाथरूमकडे पळाल्या. मी अडवलं नाही.

मग नवीन सूचना दिली. पोट आत नाही. श्वास रोखायचा नाही. ठेक्याला श्वास सोडायचा, आतून उचलायचं. आणि उडी रद्द. उडीच्या जागी उजवी टाच आपटून अर्धी गिरकी आणि लेझीम डोक्यावर. हे मी करून दाखवलं. तोंडाने नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

दिवसातून तीनदा करते आहे. निम्म्या वेळा खांदे वर जातात. रेवती टीव्ही बघता बघता करते आणि मला विचारते, “आई, तुमचं कितवं चाललंय?” निमिष म्हणाला, “कितवं काय?” आम्ही दोघींनी त्याला कांदा चिरायला पाठवलं.

वजनकाट्यावर उभी राहिले. सत्त्याहत्तर पूर्णांक चार. फार कौतुक करण्यासारखं नाही. संध्याकाळी रेवतीबरोबर बाबागाडी घेऊन कालव्यापर्यंत चालते, पाऊस असला तरी. इथे पाऊस थांबण्याची वाट बघितली तर मी परतीच्या विमानातच चालेन.

फरक? काल शिंकताना आधी आतून आवळलं, ओर्लाने सांगितलं तसं. जमलं. आज सकाळी नाही जमलं. तेरा दिवसांत तेवढंच.

३० ऑगस्ट, शनिवार

मिरवणूक झाली. उशिरा सुरू झाली, अर्थातच.

मी हिरवी सहावारी नेसले. निघताना रेवतीने पाण्याची बाटली हातात दिली, मी तिच्यासमोर अर्धी संपवली. तिने जांभळ्या साडीच्या घडीत जादाचा पॅड खोचला आणि मला नजरेने विचारलं. मी मान हलवली, हो, माझाही आहे.

बाप्पा सजवलेल्या छोट्या ट्रकवर. फुटपाथवर इथले लोक मुलांना खांद्यावर घेऊन उभे. ढोल सुरू झाला. मी पुढे, मागे सहा-सहाच्या तीन ओळी, दुसऱ्या ओळीत मध्यावर रेवती. पहिला ठेका घेताना हात मागे पडले. नऊ वर्षं म्हणजे कमी नाहीत. मग हात आपोआप चालू लागले.

उडीच्या जागेवर टाचा आपटल्या, अठरा गिरक्या, अठरा लेझिमी एकदम वर. मुरलीधर काळे ढोलामागून ओरडले, “अहो बाई, उडी कुठाय?”

नंदिनी गिरकीतूनच ओरडली, “काका, तुम्ही मारा! आम्ही ढोल धरतो!” त्यांनी खरंच मारली, बऱ्यापैकी. टोपी उडाली.

तिसऱ्या फेरीला मला खोकला आला. आतून उचलायला अर्धा क्षण उशीर झाला. थोडंसं झालं. मला कळलं. पाय थांबले नाहीत, साडी हिरवी होती, पॅड जागेवर होता, आणि पुढची टाच वेळेवर पडली. मी वळून बघितलं तर रेवती माझ्याकडेच बघत होती. तिने मोठ्याने आकडा दिला, “पाच, सहा,” आणि सगळ्यांनी उचलला.

घरी आल्यावर दोन्ही पाकिटं, माझं आणि तिचं, सुटकेस नि हॉट प्रेसमधून काढून बाथरूममध्ये टूथपेस्टशेजारी ठेवली. पाहुणे आले तर बघतील. बघू देत.

ती आता आंघोळीला गेली आहे. पाकिटात किती उरले ते मी मोजलेले नाहीत.